उभ्या घरांच्या छतांचं काय? केंद्रीय ऊर्जामंत्र्यांना चंद्रपूरहून खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय ऊर्जामंत्री
आणि महासंचालक, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो,
नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार.

मी चंद्रपूरचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक म्हणून तेहतीस वर्षं पोरांना शिकवलं आणि निवृत्त झालो. माझ्या गच्चीवर उभं राहिलं की महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 2,920 मेगावॅटचं ते केंद्र. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं तिथे कामाला आहेत. राज्यभराचे दिवे लावणारी वीज इथे तयार होते, कोळसा इथला, राख इथेच पडते आणि मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत चंद्रपूर आणि शेजारची ब्रह्मपुरी हटकून असतात.

ही वीज ज्या घरांत जाते, त्या घरांच्या छतांबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

निवृत्तीनंतर मी एक टेम्परेचर गन विकत घेतली. बटण दाबलं की समोरचा पृष्ठभाग किती तापलाय ते सांगणारं हे साधं यंत्र. ते घेऊन गेली काही वर्षं मी माझ्या घरात, शेजारपाजारी आणि ओळखीच्या लोकांकडे छतं मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. त्या वहीतली दोन घरं तुम्हाला दाखवतो.

पहिलं माझंच. 1994 साली बांधलेलं, पाच इंची स्लॅब, वर काही नाही. मे महिन्यातला एक दिवस, बाहेर 45 अंश. दुपारी तीन वाजता गच्चीचा पृष्ठभाग 63 अंश होता. अनवाणी पाय ठेवणं अशक्य. पण त्याच वेळी खाली खोलीत छताकडे गन धरली तर आकडा 38. मला वाटलं, ठीक आहे. रात्री नऊला जेवणं आटोपून पुन्हा मोजलं. बाहेर हवा 36 वर आलेली, आणि खोलीतलं छत 42. अकराला 41. म्हणजे बाहेर लोक म्हणत होते, वारा सुटला, बरं वाटतंय, आणि आम्ही घरात तव्याखाली झोपलो होतो. काँक्रीट दिवसभर ऊन पितं, ते खालच्या बाजूला उतरायला चार-एक तास घेतं आणि मग अर्धी रात्र ते आपल्या अंगावर सोडत राहतं. पंखा लावला तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो.

दुसरं घर बाबूपेठेकडच्या एका वस्तीतलं. माझ्या मुलीच्या वयाची बाई, घरीच शिलाई करते. घर टिनाचं. दुपारी दोनला टिनाची खालची बाजू 59 अंश होती आणि ते टिन तिच्या डोक्यापासून जेमतेम दोन हातांवर. मशीनच्या लोखंडी चाकाला हात लागला की चटका बसतो म्हणून तिने चाकाला कापडाची पट्टी गुंडाळली होती. टिनावर ओली गोणपाटं टाकायची, पण पाणी एक दिवसाआड, त्यामुळे तेही रोज जमायचं नाही. रात्री नऊला तेच टिन 35 अंशांवर, बाहेरच्या हवेइतकं. ती म्हणाली, "सर, रात्री झोप लागते, पण कामाचे घंटे सगळे दिवसाचे."

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. टिनाचं घर दुपारी छळतं आणि स्लॅबचं घर रात्री. एकाला सावली आणि पांढरा रंग पुरेल, दुसऱ्याला स्लॅबच्या वर उष्णता अडवणारा थर लागेल. दोन्ही घरांत माणसं आहेत, दोन्ही घरांत विजेचं मीटर आहे. केंद्र सरकारच्या योजनांत या दोन छतांसाठी मला ओळ सापडली नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या साधारण 29 टक्के घरांवर काँक्रीटचं छत होतं आणि 16 टक्क्यांवर पत्रा किंवा सिमेंटचा पत्रा. त्यानंतर गावोगावी कवेलू, म्हणजे कौलं, उतरली आणि स्लॅब पडले. हे आकडे आज वाढलेलेच असणार.

आपलं मंत्रालय काही करत नाही असं मी म्हणणार नाही. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. ब्युरो 2002 पासून आहे. फ्रिज, एसी यांच्यावरचे तारे मी वर्गात फळ्यावर काढून शिकवले. 2023 पासून छताच्या पंख्यांनाही तारे सक्तीचे झाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. 2018 मध्ये आपण 'इको निवास संहिता' आणली. त्यात छतातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा घातली आहे, आकडा 1.2, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर चौरस मीटरमागे 1.2 वॅट. उघड्या सहा इंची स्लॅबमधून त्याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत येते. म्हणजे उघडा स्लॅब चालणार नाही, हे आपल्याच कागदावर लिहिलेलं आहे.

पण ही संहिता लागू कोणाला? पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला. 2022 च्या कायदादुरुस्तीने निवासी इमारती कक्षेत आणल्या, तिथे शंभर किलोवॅट जोडभाराची, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या एकूण भाराची अट. माझा प्लॉट बाराशे चौरस फूट, म्हणजे एकशे अकरा चौरस मीटर. माझा जोडभार तीन किलोवॅट. बाबूपेठेतल्या त्या बाईचा अर्धा किलोवॅटही नसेल. मोठ्या गृहसंकुलांना नियम घातलेत ते योग्यच आहे, पण देशातली माणसं राहतात ती आधीच उभ्या असलेल्या लहान घरांत, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तिथेच राहणार आहेत.

तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरण जाहीर केलं. 2028 पर्यंत तीनशे चौरस किलोमीटर छतं थंड करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. मी ते वाचलं तेव्हा उभा राहून टाळी वाजवावीशी वाटली. पुढे वाचलं तर खासगी घरांसाठी सक्ती सहाशे चौरस यार्डांपासून वर, त्याखाली ज्याची त्याची इच्छा. अहमदाबादने 2010 च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 जास्त माणसं गमावली. त्यातून धडा घेऊन 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि 2017 पासून वस्त्यांमधली छतं चुन्याने पांढरी करायला घेतली. महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायकांनी तिथे आणि इतर शहरांत घरोघरी जाऊन हे काम केलं आहे. तेव्हा काम कसं करायचं हे देशाला ठाऊक आहे. ते एखाद्या शहराच्या उत्साहावर आणि एखाद्या संस्थेच्या देणगीवर सोडलेलं आहे, हे माझं दुखणं.

माझी मागणी अशी: आज उभ्या असलेल्या घरांची छतं उष्णतेपासून वाचवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपण हाती घ्यावा आणि त्याची सुरुवात लहान घरांपासून करावी. जून 2024 पासून ऊर्जा आणि गृहनिर्माण व शहरी व्यवहार ही दोन्ही खाती एकाच मंत्र्यांकडे आहेत. छत हे घराचं की विजेचं, या वादात फाइल इकडून तिकडे जायचं कारण उरलेलं नाही.

पैशाचा प्रश्न येणार, म्हणून आधी तोच घेतो. उजाला योजनेची आठवण करून देतो. 2014 मध्ये सरकारी खरेदीत 310 रुपयांना पडणारा एलईडी बल्ब घाऊक खरेदीमुळे दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर आला. जानेवारी 2015 पासून छत्तीस कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. लाइट बिल दाखवलं की बल्ब मिळायचा, सातबारा मागितला नाही, उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. मी तेव्हा रांगेत उभा राहून घेतलेले बल्ब अजून माझ्या स्वयंपाकघरात जळतात. जे बल्बच्या बाबतीत जमलं ते पांढऱ्या छतरंगाच्या, इन्सुलेशनच्या शीटच्या आणि पांढऱ्या टाइल्सच्या बाबतीत जमायला हवं. आज एकेकटा माणूस दुकानात जातो आणि दुकानदार सांगेल तो भाव देतो.

यातून वीज किती वाचेल? 30 मे 2024 रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली होती. मला जास्त काळजी वाटते ती सूर्य मावळल्यावरच्या तासांची. दुपारी सौर वीज असते. रात्री नऊला माझ्यासारख्या लाखो घरांत छत 42 अंशांवर असतं, कूलर-एसी सुरू होतात आणि ते चालतात ते मुख्यतः आमच्या चिमण्यांच्या जोरावर. स्लॅबवर थर टाकला तर नेमके हेच तास हलके होतात. गरिबाच्या बाजूने बघितलं तर हिशेब आणखी सोपा आहे. महावितरणच्या बिलात शंभर युनिटपर्यंत दर कमी, वर गेलं की उडी. हिवाळ्यात सत्तर-ऐंशी युनिटांत भागणारं घर कूलरमुळे एप्रिल-मेमध्ये शंभराच्या पार जातं. विदर्भात कूलर ही चैन नाही. त्याला रोज बादल्या भरून पाणी लागतं, आणि ओल्या फरशीवर उभं राहून पाणी घालताना कूलरच्या टपात करंट उतरून माणसं मरतात. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर लावू नका, हे मी आयुष्यभर शिकवत आलो. कूलर कमी तास चालला तर तेवढा धोकाही कमी.

आता 'पीएम सूर्यघर'कडे येतो, कारण तिथे वेळ निघून चालली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ही छतावरच्या सौर पॅनेलची योजना एक कोटी घरांसाठी आहे, तिच्यासाठी 75,021 कोटी रुपये मंजूर झाले आणि तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. चांगली योजना आहे, माझ्या दोन शेजाऱ्यांनी घेतली. पॅनेलखालच्या स्लॅबवर सावली पडते हा वेगळा फायदा. पण एकदा लोखंडी सांगाडा स्लॅबवर बसला की त्याखाली कोबा करणं, शीट टाकणं, गळती काढणं महाकठीण होऊन बसतं. शेजाऱ्याकडे सांगाडा बसवायला माणसं आली, त्यांनी स्लॅबला पाडलेल्या भोकांशेजारी पुढच्याच पावसाळ्यात ओल दिसली. आता छत दुरुस्त करायचं तर पॅनेल उतरवा. याच योजनेत, त्याच फेरीत, पॅनेलच्या आधी छतावर इन्सुलेशन आणि वॉटरप्रूफिंग करायचा वाढीव हप्ता ठेवला असता तर? अजून ठेवता येईल. जी घरं बाकी आहेत त्यांच्यासाठी तरी ठेवा.

घरकुलांचंही तेच. पंतप्रधान आवास योजनेत गावाकडे सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. तेवढ्यात लाभार्थी कसाबसा स्लॅब टाकतो आणि वरचा थर पैशाअभावी राहून जातो. गावात फिरताना म्हातारी माणसं मला म्हणतात, मातीचं घर गारवा द्यायचं, हे पक्कं घर जाळतं. त्यांचं चुकत नाही. जाड मातीच्या भिंती, कवेलूखाली बांबूचे ताटवे आणि हवा जायला फटी, किंवा खानदेश-मराठवाड्याकडचं पांढऱ्या मातीचं धाबं आणि माळवद, ही सगळी छतं उष्णता अडवायची. त्यांना साप-विंचू होते, दर पावसाळ्याआधी डागडुजी होती, म्हणून लोकांनी ती सोडली. पक्क्या घराचा हट्ट बरोबरच होता. पण कवेलूने दिलेला गारवा परत द्यायची जबाबदारी, स्लॅब देणाऱ्यांवर येते.

माझ्या स्वतःच्या छतावर काय केलं तेही सांगतो, कारण त्यात माझी एकदा फसगत झाली आणि कार्यक्रम आखताना ती उपयोगी पडेल. पहिल्या वर्षी मी एका ठेकेदाराकडून 'उष्णतारोधक कोटिंग' करून घेतलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत किती अंश तापमान उतरेल ते छापलेलं होतं. उन्हाळा बरा गेला. पहिल्या पावसात रंगाचे पापुद्रे निघाले आणि गच्चीच्या पन्हाळीत जाऊन अडकले. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. त्याने स्लॅब घासून धुतलाच नव्हता, धुळीवर रंग मारला होता. मी उभा राहून बघितलं नाही, ही माझी चूक. पण ज्याला यातलं काही कळत नाही त्याने काय करावं?

दुसऱ्या वर्षी मी आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी स्वतः कळीचा चुना भिजवला, त्यात चिकटद्रव्य घातलं, फेब्रुवारीत गच्ची तारेच्या ब्रशने घासली आणि पहाटे तीन हात मारले. त्या मे महिन्यात तशाच एका दिवशी वरचा पृष्ठभाग 47 आणि रात्री नऊला छत 37. पाच अंशांचा फरक. तुम्हाला कागदावर तो लहान वाटेल. माझ्या पत्नीला रक्तदाब आहे, ती त्या उन्हाळ्यात रात्री उठून बसली नाही. पण आमच्याकडे हवेत कोळशाची आणि राखेची धूळ. गच्चीवरून बोट फिरवलं की काळं येतं. वर्षभरात पांढऱ्याचं करडं झालं. म्हणून तिसऱ्या वर्षी झोपायच्या खोलीवर तेवढा विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले, ज्याला मिस्त्री चायना मोझॅक म्हणतात. ते महाग पडलं, सगळ्या घराला पुरलं नाही. पण पाऊस आला की आपोआप धुऊन निघतं आणि खालच्या खोलीत फरक जाणवतो.

यावरून मला ब्युरोकडे एक गोष्ट मागायची आहे. एसीवर जसे तारे, तसा छताच्या रंगावर आकडा छापणं सक्तीचं करा. नवा असताना किती ऊन परतवतो आणि तीन वर्षं ऊन-पाऊस-धूळ खाल्ल्यावर किती, दोन्ही. अमेरिकेत थंड छतांच्या मालाची अशी नव्याची आणि तीन वर्षांनंतरची नोंद ठेवली जाते. आमच्या बाजारातल्या डब्यांवर मला असा आकडा दिसला नाही, नुसत्या बढाया दिसल्या.

आणि घाई करू नका. ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये घरांच्या छतांत इन्सुलेशन बसवायची मोठी राष्ट्रीय योजना घाईने आणली. माणसं शिकवली नाहीत, तपासणी ठेवली नाही. कोणीही कंपनी काढून कामाला लागला. बसवणारी चार तरुण पोरं मेली, तिघं विजेच्या धक्क्याने आणि एक छपराखालच्या उष्णतेने. घरांना आगी लागल्या. 2010 च्या फेब्रुवारीत योजना गुंडाळली, पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावं लागलं. इलेक्ट्रिशियन घडवणारा माणूस म्हणून ती हकीकत वाचून मी सुन्न झालो. ब्रिटनची गोष्ट अलीकडची. सरकारी योजनांतून भिंतींना बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी 98 टक्क्यांत दुरुस्ती लागेल असे दोष असल्याचं तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं. चांगल्या हेतूच्या कामात ओल आणि बुरशी घरात आली. श्रीमंत देशांत हे होतं, तर आपल्याकडे ठेकेदाराला मोकळं सोडलं तर काय होईल याचा विचार करा.

म्हणून आधी माणसं तयार करा. देशभर आयटीआय आहेत. गवंडी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पेंटर असे ट्रेड तिथे आहेत. तीन महिन्यांचा छत-कारागिराचा अभ्यासक्रम काढा. त्यात स्लॅब कसा धुवायचा, उतार आणि पन्हाळी कशा तपासायच्या, शीट कुठे वापरायची हे असू द्या. टिनाखाली थर्माकोल ठोकणं किती धोक्याचं आहे तेही शिकवा, कारण ते भराभर पेटतं. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो कोरडा घासायचा नाही, भोकं पाडत बसायचं नाही, हे सगळ्यात आधी शिकवा. उघड्या वायरीजवळ शिडी लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचा, हे तर मी अजूनही फुकट येऊन शिकवीन. मुलींना यात घ्या. आमच्या शहरात बचत गटांच्या बायका रंगकाम उत्तम करतात.

पैसे द्यायची रीतही बदलावी लागेल. काम झाल्याचा फोटो अपलोड केला की बिल निघतं, तिथे माझ्यासारखी फसगत ठरलेली. अर्धे पैसे काम झाल्यावर आणि उरलेले पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा उलटल्यावर, घरातलं छत मोजून, घरमालकाची सही घेऊन द्या. टेम्परेचर गन काही हजारांत मिळते. प्रत्येक प्रभागात एक ठेवणं सरकारला जड नाही.

कामाचे महिने तर मी हात जोडून सांगतो. निधी एप्रिल-मेमध्ये सुटतो, निविदा जूनमध्ये निघते, काम पावसात सुरू होतं आणि मार्च एंडला घाईने संपवतात. हे काम अशा वेळापत्रकात बसणारच नाही. डिसेंबरपर्यंत पैसा आणि माल वॉर्डात पोचला पाहिजे आणि होळीच्या आत छतं पूर्ण झाली पाहिजेत. मे महिन्यात 60 अंशांच्या गच्चीवर कोणाच्या पोराला रंगवायला चढवू नका.

सगळ्या देशाला एकच चुना फासा असंही मी म्हणत नाही. संहितेत तुम्हीच देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. लेहच्या घराला आतली ऊब टिकवायची आहे, पांढरं छत तिथे उलट काम करेल. कोकणात घाम वाळायला वारा हवा, तिथे समोरासमोरच्या खिडक्या आणि छज्जे महत्त्वाचे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत तर वेगळीच अडचण आहे. गच्ची सगळ्यांच्या मालकीची आणि ताप एकट्या वरच्या मजल्याचा. माझी बहीण पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. सात वर्षं ती वार्षिक सभेत विषय मांडते आणि खालचे तीन मजले म्हणतात, आम्हाला काही गरम होत नाही. गळती झाली तेव्हा सोसायटीने वर काळी डांबरी शीट अंथरली. पाणी थांबलं, पण तिचं घर आणखी तापलं. छताच्या थराला अनुदान देताना सोसायटीला एकगठ्ठा द्या आणि गळतीच्या दुरुस्तीत उष्णतारोधन असलंच पाहिजे अशी अट घाला. भाडेकरूंचाही विचार हवा. बिल भाडेकरू भरतो, म्हणून मालक छतावर खर्च करत नाही. मीटर ज्या घराला आहे ते घर पात्र, असा साधा नियम केला तर मालकी हक्काचा कागद नसलेल्या वस्त्याही आपोआप येतील. अतिक्रमणाच्या यादीत असलेल्या घरातलं लेकरूही घामोळ्यांनी तितकंच रडतं.

2019 च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात 2037-38 पर्यंत शीतकरणाची गरज 20 ते 25 टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट आपण लिहून ठेवलं आहे. आणि सगळ्यांना उष्णतेपासून दिलासा मिळावा, हेही त्याच कागदात आहे. दोन्ही एकत्र साधायचं तर आधी घर कमी तापेल असं करायला हवं, मग उरलेल्यासाठी यंत्र. नाहीतर पुढच्या दहा वर्षांत ज्याला परवडेल तो एसी लावेल, त्याची गरम हवा शेजारच्या टिनाच्या खिडकीत जाईल आणि आमच्याकडे आणखी एक चिमणी उभी राहील.

सुरुवात म्हणून दहा जिल्हे घ्या. विदर्भातला एक घ्या, तेलंगणा-आंध्रच्या सीमेवरचा एक, राजस्थानातला, बुंदेलखंडातला. प्रत्येक ठिकाणी टिनाची आणि स्लॅबची घरं वेगवेगळी मोजा, आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवा आणि दोन उन्हाळ्यांनंतर पुढे जा. चंद्रपूर निवडलं तर माझी वही तुमच्या अधिकाऱ्यांना देतो. तिच्यात चार उन्हाळ्यांच्या, एकवीस घरांच्या नोंदी आहेत, तारीख, वेळ आणि बाहेरच्या तापमानासकट.

बाबूपेठेतल्या त्या बाईच्या टिनावर गेल्या फेब्रुवारीत आम्ही चुना मारला आणि वर बांबूवर हिरवी जाळी ताणली. मे महिन्यात दुपारी दोनला टिनाची खालची बाजू 46 निघाली. तिने चाकावरची कापडाची पट्टी काढली नाही, पण दुपारचं काम आता बंद ठेवत नाही. त्याच गल्लीतली आणखी अकरा घरं या वर्षी आमच्याकडे मागणी घेऊन आली. आम्ही तिघं आहोत आणि चुन्याची पोती आमच्याच पैशांची, म्हणून चार घरं घेतली. उरलेल्या सातांना पुढच्या वर्षी असं सांगून आलो आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
चंद्रपूर